वरिष्ठ सरकारी अधिकाऱ्याच्या जादा कामाचा मोबदला: ओव्हरटाइमचा अर्ज परत का येतो, आणि त्याऐवजी काय, कधी, कसं मागायचं

मार्चअखेर, संसदेचं अधिवेशन, लेखापरीक्षण, एखादी मोठी भरती. अधिकारी महिनाभर रात्री नऊपर्यंत बसतो, शनिवार-रविवारीही येतो आणि सगळं आटोपल्यावर आस्थापना शाखेला लिहितो, "अमुक तास जादा काम केलं, ओव्हरटाइम मिळावा." अर्ज परत येतो. त्यावर एका ओळीचा शेरा असतो, "नियमात तरतूद नाही." शेरा बरोबरच असतो. वाईट याचं वाटतं की अशा काही अर्जांमागे खरोखर पैसे मिळण्याजोगं काम असतं. ते चुकीच्या नावाखाली आणि उशिरा मागितलेलं असतं, इतकंच.

हा लेख मुख्यतः केंद्र सरकारच्या गट 'अ' आणि राजपत्रित गट 'ब' अधिकाऱ्यांसाठी आणि त्यांचे प्रस्ताव तयार करणाऱ्या आस्थापना-लेखा शाखांसाठी आहे. रेल्वे, सार्वजनिक उपक्रम आणि राज्य सेवा यांचा उल्लेख लागेल तिथे येईल. टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्या. या कामात क्रम चुकला की दावा खरा असूनही बुडतो.

टप्पा १: ओव्हरटाइम हा शब्द बाजूला ठेवा

मूलभूत नियम ११ म्हणजे आपला रोजच्या बोलण्यातला एफआर ११. त्याचा आशय असा: नियमात स्पष्टपणे वेगळी तरतूद नसेल, तर सरकारी सेवकाचा सगळा वेळ सरकारच्या स्वाधीन असतो, आणि सक्षम अधिकारी त्याला कोणतंही काम जादा मोबदल्याच्या दाव्याविना देऊ शकतो.

"सगळा वेळ" एवढंच बहुतेकांच्या लक्षात राहतं. तुमच्या कामाचे शब्द मात्र सुरुवातीचे आहेत: "स्पष्टपणे वेगळी तरतूद नसेल, तर." म्हणजे तासांची बेरीज करून काही साधत नाही. ती वेगळी तरतूद शोधायची आणि आपलं काम तिच्यात बसतं हे दाखवायचं.

ओव्हरटाइम भत्त्याची तरतूद आहे, पण ती अधिकाऱ्यांसाठी नाही. सातव्या वेतन आयोगानंतर कार्मिक व प्रशिक्षण विभागाने १९ जून २०१८ च्या ज्ञापनाने हा भत्ता बंद केला. दोन गट वगळले: ऑपरेशनल कर्मचारी, आणि कायद्याच्या तरतुदींखाली येणारे औद्योगिक कर्मचारी. ऑपरेशनल म्हणजे कार्यालयाचा गाडा चालू ठेवणारे, यंत्रं-उपकरणं हाताळणारे, लिपिकवर्गीय नसलेले अराजपत्रित कर्मचारी. "राजपत्रित" असाल तर इथेच बाहेर.

"आमचं युनिट कारखाना आहे, मग ओव्हरटाइमच्या दुप्पट दराचं काय?" असं बरेच जण विचारतात. नोटा-नाण्यांचं काम करणाऱ्या केंद्रीय महामंडळातल्या सुपरवायझरांचा नेमका हाच दावा केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण (कॅट) आणि मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १८ एप्रिल २०२३ च्या निकालात न्यायालयाने तो फेटाळला. सेवानियमांनी बांधलेल्या पदावरचा सरकारी सेवक, त्या नियमांत नसलेला दुप्पट ओव्हरटाइम मागू शकत नाही, असं त्यात म्हटलं आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनीही हे चित्र बदललेलं नाही. व्यावसायिक सुरक्षा संहिता केंद्र व राज्य सरकारच्या कार्यालयांना लागू नाही. जिथे लागू आहे तिथेही मुख्यतः व्यवस्थापकीय किंवा प्रशासकीय काम करणारा माणूस, आणि महिना १८,००० रुपयांहून जास्त वेतनाचा पर्यवेक्षक, "कामगार" या व्याख्येबाहेर राहतो. रेल्वेत १९८९ च्या रेल्वे कायद्यानेच व्यवस्थापकीय आणि गोपनीय स्वरूपाच्या कामावरच्या सेवकांना कामाच्या तासांसाठी "वगळलेल्या" वर्गात ठेवलं आहे.

सार्वजनिक उपक्रमांतल्या एक्झिक्युटिव्ह मंडळींनी आपल्या कंपनीचं भत्त्यांचं परिपत्रक पाहावं. त्यांना जे मिळतं ते कामगिरीशी निगडित वेतन आणि मंजूर भत्त्यांच्या वाटेने मिळतं, तासांच्या हिशेबाने मिळत नाही. फक्त पदनाम "मॅनेजर" आणि प्रत्यक्षात दिवसभर यंत्रावर काम, अशी अवस्था असेल तर प्रश्न वेगळा आहे. न्यायालयं पदनामापेक्षा मुख्य काम कोणतं हे पाहतात. पण तो कामगार ठरण्याचा वाद झाला, अधिकारी म्हणून मोबदल्याचा नव्हे. दोन्ही युक्तिवाद एकाच अर्जात घालू नका. ते एकमेकांना छेद देतात.

तपासा: तुमच्या सेवापुस्तकात पदाचा गट, राजपत्रित की अराजपत्रित, आणि संवर्ग काय लिहिला आहे? पुढे प्रत्येक टप्प्यावर हे तिन्ही लागतील.

टप्पा २: जादा काम नेमकं कोणत्या जातीचं, ते ठरवा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. "जादा काम" हा एक डबा नाही. नियमांच्या नजरेत त्याचे चार प्रकार पडतात आणि प्रत्येकाचा निकाल वेगळा लागतो.

पहिला प्रकार: आपल्याच पदाचं काम वाढलं. मार्चअखेर, अधिवेशन, लेखापरीक्षणाची उत्तरं, एक सहकारी रजेवर गेल्यामुळे विभागून आलेल्या फाइली. याला पैसे नाहीत. कामात तात्पुरती वाढ होणं हा सरकारी सेवेचाच भाग आहे, त्यासाठी जादा मोबदल्याचा हक्क नाही, हे भारत सरकारच्या निर्णयांत स्पष्ट आहे. हे काम तासांत कितीही मोठं असो, त्याचा मानधनाचा प्रस्ताव करू नका. करायचंच तर त्या कामाची नोंद वार्षिक कामगिरी अहवालातल्या स्वयंमूल्यमापनात आकड्यांसह करा. किती प्रकरणं, किती दिवसांत, आधी प्रलंबित किती होती. तिथे ते उपयोगी पडतं.

दुसरा प्रकार: आपल्या पदाशी संबंध नसलेलं, अधूनमधून उद्भवणारं विशेष काम. दुसऱ्या कार्यालयाच्या खातेनिहाय चौकशीत चौकशी अधिकारी म्हणून नेमणूक, प्रशिक्षण संस्थेत व्याख्यानं, परीक्षेच्या उत्तरपत्रिका, एखाद्या नियमपुस्तिकेचं संपादन. इथे मानधनाचा रस्ता उघडतो. मानधन म्हणजे सरकारच्या संचित निधीतून विशेष, प्रासंगिक कामासाठी दिलेली रक्कम. ती एफआर ४६ च्या कसोटीवर तपासली जाते: काम प्रासंगिक किंवा अधूनमधून येणारं हवं, आणि इतकं कष्टाचं किंवा इतक्या विशेष गुणवत्तेचं हवं की वेगळा मोबदला समर्थनीय ठरावा.

तिसरा प्रकार: दुसऱ्या मंजूर पदाचा कार्यभार. शेजारच्या विभागाचा अधिकारी बदलून गेला, नवा आला नाही आणि त्याची खुर्चीही तुमच्याकडे आली. याला मानधन मिळत नाही. दुसऱ्या मंजूर पदाचं काम केल्याबद्दल मानधन देऊ नये, असा स्पष्ट निर्णय आहे. इथला रस्ता एफआर ४९ खालच्या अतिरिक्त वेतनाचा. "मानधन द्यावं" असं लिहिलेले कार्यभाराचे प्रस्ताव वित्त शाखेतून परत येतात ते यामुळेच.

चौथा प्रकार: बाहेरच्या संस्थेचं काम. पैसे संचित निधीतून न येता विद्यापीठ, मंडळ किंवा खासगी संस्थेकडून येत असतील, तर त्याला फी म्हणतात. ती स्वीकारण्याआधी सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी हवी. पैसे खात्यात आल्यावर मंजुरी मागितलीत, तर मोबदल्याची गोष्ट वर्तणूक नियमांच्या चौकशीवर जाते.

सावधान: एकाच कामाला दोन प्रकारांत बसवू नका. "मानधन किंवा अतिरिक्त वेतन, जे अनुज्ञेय असेल ते" हे वाक्य सोयीचं वाटतं. मंजुरी देणाऱ्याला मात्र त्यातून एवढंच कळतं की दावा करणाऱ्याला स्वतःच्या कामाचं स्वरूप ठाऊक नाही.

टप्पा ३: काम सुरू होण्याआधी लेखी आदेश

या लेखातला एकच टप्पा पाळायचा असेल तर हा पाळा.

मानधनाबाबत एफआर ४६ म्हणतो की काम पूर्वसंमतीने हाती घेतलेलं असावं आणि रक्कम आधी ठरलेली असावी. याला अपवाद आहे, पण त्यासाठी विशेष कारणं लेखी नोंदवावी लागतात. ती नोंदवणारा तुमच्या वरचा अधिकारी असतो. काम झाल्यावर त्याला हात आखडता घ्यावासा वाटणं स्वाभाविक आहे, कारण लेखापरीक्षणाला उत्तर त्यालाच द्यावं लागतं. म्हणून आदेश आधी मिळवा.

तोंडी सांगितलं असेल तर त्याच दिवशी एक छोटं टिपण किंवा ई-मेल पाठवा:

"आपण आज सांगितल्याप्रमाणे … या कामाची जबाबदारी मी दि. … पासून घेत आहे. हे काम माझ्या सध्याच्या पदाच्या कर्तव्यसूचीत नाही. औपचारिक आदेश, कालावधी आणि मोबदला अनुज्ञेय असल्यास त्याची रक्कम निश्चित करून मिळावी, ही विनंती."

यात उद्धटपणा काहीच नाही. वरिष्ठही अशा टिपणामुळे सुरक्षित राहतात. संकोचाने न लिहिलेली ही तीन वाक्यं पुढे वर्षभर छळतात.

कार्यभाराच्या आदेशात दोन शब्दप्रयोगांवर सगळं अवलंबून असतं. "पूर्ण अतिरिक्त कार्यभार" असं लिहिलं तर एफआर ४९ चं दार उघडतं. "दैनंदिन कामकाज पाहावं" किंवा "चालू काम सांभाळावं" असं लिहिलं तर ते बंद. नित्याचं काम सांभाळण्यासाठी, मग ते दोन महिने असो वा दोन वर्षं, अतिरिक्त वेतन नाही. कार्यालयांत घाईने निघणारा आदेश बहुतेक वेळा दुसऱ्या भाषेत असतो, कारण शाखेत जुना मसुदा तयार असतो आणि तोच पुढे सरकवला जातो.

या शब्दांचा पैशांपलीकडेही परिणाम होतो. केवळ चालू काम सोपवलेला अधिकारी त्या पदाचे प्रशासकीय आणि वित्तीय अधिकार वापरू शकतो, पण कायद्याने त्या पदाला दिलेले वैधानिक अधिकार वापरू शकत नाही. २४ जानेवारी १९६३ च्या ज्ञापनापासून ही भूमिका आहे. तुम्हाला वैधानिक आदेशांवर सह्या करायच्या असतील, तर "पूर्ण कार्यभार" हा शब्द त्या आदेशांच्या वैधतेसाठीही लागतो. वरिष्ठांकडे आदेशात दुरुस्ती मागताना हेच कारण पुढे करा. पैशांपेक्षा ते लवकर पटतं.

आदेशात तपासा:
– दोन्ही पदांची नावं, कार्यालय आणि वेतनस्तर
– कोणत्या तारखेपासून, कुठवर
– "पूर्ण अतिरिक्त कार्यभार" हे शब्द आणि नियमाचा उल्लेख
– आदेश काढणारा त्या पदावर नेमणूक करायला सक्षम आहे का

शेवटचा मुद्दा सुटतो आणि महागात पडतो. नियमाला औपचारिक नेमणूक हवी असते. विभागप्रमुखाने सोयीसाठी काढलेली अंतर्गत कामवाटणी म्हणजे नेमणूक नव्हे.

टप्पा ४: नोंद ठेवा, पण तासांची नव्हे

ओव्हरटाइमचा दावा नसल्यामुळे बायोमेट्रिकच्या पानांचा उपयोग मर्यादित. लागतो तो कामाचा पुरावा. कार्यभारासाठी: कार्यभार घेतल्याचा आणि सोडल्याचा अहवाल, त्या पदावरून सही केलेल्या फाइलींचे क्रमांक, त्या काळातल्या बैठकांची इतिवृत्तं. मानधनासाठी: काम कधी पूर्ण झालं, किती सत्रं किंवा किती प्रकरणं झाली, आणि ते नेहमीच्या कामाव्यतिरिक्त कसं झालं.

एक साधी वही किंवा तक्ता पुरतो. नोंद अशी असावी: "१४ जुलै. विभाग 'ख'. तीन देयकं मंजूर, एक निविदा समितीची बैठक, फाइल क्रमांक…" "रात्री ९.४० पर्यंत थांबलो" ही नोंद मनाला समाधान देते, प्रस्तावाला काही देत नाही.

हाताखालच्या ऑपरेशनल कर्मचाऱ्यांना उशिरापर्यंत थांबवत असाल, तर त्यांच्यासाठी मात्र तास आणि बायोमेट्रिक दोन्ही लागतात. वरिष्ठाचा लेखी आदेश असेल तरच त्यांचा भत्ता निघतो. तो आदेश तुम्हीच द्यायचा असतो, आणि काम होण्याआधी. "जरा थांब रे आज" एवढ्यावर थांबलेल्या माणसाचे पैसे तुमच्या एका न केलेल्या सहीमुळे जातात. अधिकाऱ्याला इथे हयगय करण्याचा हक्क नाही.

टप्पा ५: मानधनाचा प्रस्ताव

टिपणात पाच गोष्टी या क्रमाने मांडा: काम काय होतं, ते पदाच्या कर्तव्यसूचीत का नाही, प्रासंगिक कसं, कष्टाचं किंवा विशेष गुणवत्तेचं कसं, पूर्वसंमतीचा आदेश आणि ठरलेली रक्कम. कर्तव्यसूचीची प्रत जोडा. "विशेष" हे विशेषण लिहिल्याने काम विशेष ठरत नाही. दोन कागद शेजारी ठेवल्यावर फरक दिसला पाहिजे.

मग मसुदा मंजुरी आदेशात एक परिच्छेद तयार करूनच द्या. मंजुरी देणाऱ्याने एफआर ११ चं तत्त्व विचारात घेतल्याचं आणि तरीही मोबदला का समर्थनीय आहे याची कारणं लेखी नोंदवणं नियमानेच बंधनकारक आहे. हा परिच्छेद नसलेली मंजुरी लेखापरीक्षणात हमखास आक्षेपात सापडते. आक्षेप आला की वसुलीचा विषय निघतो.

चौकशी अधिकारी, सादरकर्ता अधिकारी, प्रशिक्षणातले व्याख्याते अशांसाठी दर ठरलेले असतात. तिथे रक्कम स्वतः सुचवू नका, लागू असलेल्या आदेशाचा क्रमांक आणि तारीख लिहा. इतर कामांसाठी तुमच्या विभागप्रमुखाची वित्तीय मर्यादा आधी पाहा. मर्यादेबाहेरचा प्रस्ताव त्याच्याच सहीने मंजूर झाला, तर ती मंजुरी टिकत नाही.

सावधान: संपूर्ण चमूसाठी मानधनाची यादी तुम्ही करत असाल आणि त्यात तुमचं नाव असेल, तर स्वतःपुरता प्रस्ताव वेगळा करून वरच्या अधिकाऱ्याकडे पाठवा. सामान्य वित्तीय नियम २०१७ मधला नियम २१ वित्तीय औचित्याची तत्त्वं सांगतो. स्वतःला प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष लाभ होईल असा खर्च कोणीही स्वतः मंजूर करू नये, हे त्यातलंच एक. सगळ्यांची यादी एकत्र गेली की तुमच्या नावामुळे कनिष्ठांचेही पैसे अडकतात.

टप्पा ६: अतिरिक्त कार्यभाराचं वेतन

एफआर ४९ मध्ये पदं कुठली आहेत त्यावर उत्तर बदलतं.

दुसरं पद त्याच कार्यालयात, त्याच संवर्गात आणि पदोन्नतीच्या त्याच साखळीत वरचं असेल आणि औपचारिक नेमणूक झाली असेल, तर वरच्या पदाचं वेतन मिळू शकतं. खालच्या पदाच्या कामाचं वेगळं काही नाही. त्याच कार्यालयात, त्याच संवर्गातलं समान पातळीचं पद असेल, तर अतिरिक्त वेतन नाही. कितीही राबलात तरी नाही. अन्यायकारक वाटतं, आणि माझ्या मते आहेही. पण नियम तसा आहे हे ठाऊक असेल तर निदान वर्षभर वाट पाहण्यात जात नाही.

पैसे मुख्यतः तिसऱ्या स्थितीत मिळतात: दुसरं पद वेगळ्या कार्यालयातलं, किंवा त्याच कार्यालयातलं पण वेगळ्या संवर्गातलं. तेव्हा वरच्या पदाच्या वेतनाव्यतिरिक्त, अतिरिक्त पदाच्या प्रिझम्प्टिव्ह पेच्या १० टक्के मिळतात. प्रिझम्प्टिव्ह पे म्हणजे ते पद तुम्ही कायम धारण करून त्याचं काम करत असता, तर तिथे जे वेतन मिळालं असतं ते. अट अशी की कार्यभार ४५ दिवसांहून जास्त पण तीन महिन्यांच्या आत असावा. तीन महिन्यांपुढे न्यायचा असेल तर वरिष्ठ पातळीवरची सहमती लागते.

एक हिशेब करून पाहू. अधिकारी वेतनस्तर ११ मध्ये, मूळ वेतन ७८,५००. दुसऱ्या कार्यालयातलं त्याच स्तराचं पद, पूर्ण अतिरिक्त कार्यभार १० जून ते ९ ऑगस्ट. दिवस: जूनचे २१, जुलैचे ३१, ऑगस्टचे ९, एकूण ६१. म्हणजे ४५ ओलांडले, तीन महिन्यांच्या आत. प्रिझम्प्टिव्ह पे ७८,५००, त्याचे १० टक्के ७,८५० दरमहा. जून: ७,८५० × २१ ÷ ३० = ५,४९५. जुलै: ७,८५०. ऑगस्ट: ७,८५० × ९ ÷ ३१ = २,२७९. एकूण १५,६२४ रुपये.

आता हाच कार्यभार २२ जुलैला काढून घेतला असता तर? ४३ दिवस. शून्य. म्हणून आदेशात आणि कार्यभार अहवालांत तारखा अचूक हव्यात. कार्यभार १० तारखेला घेतला आणि अहवाल १४ ला दिला, अशी ढिलाई इथे थेट पैशांत मोजली जाते. सकाळी घेतला की दुपारनंतर, तेही लिहा.

तीन महिने संपत आले की गप्प बसू नका. अडीच महिन्यांच्या सुमारास "मुदत दि. … रोजी संपते, पुढे चालू ठेवायचं असल्यास सक्षम सहमती घ्यावी, अन्यथा कार्यभार अन्य अधिकाऱ्याकडे सोपवावा" असं टिपण पाठवा. न पाठवल्यास काम चालू राहतं आणि वेतन थांबतं, ही नेहमीची स्थिती.

राज्य शासनाच्या अधिकाऱ्यांसाठी याच विषयाचा नियम महाराष्ट्र नागरी सेवा (वेतन) नियम, १९८१ मधला नियम ५६ आहे. केंद्राचे दिवस आणि टक्के तिथे लावू नका. तुमच्या सामान्य प्रशासन आणि वित्त विभागाचे चालू शासन निर्णय पाहूनच प्रस्ताव करा. लेखी आदेश, सक्षम अधिकारी आणि तारखा यांचा वरचा सगळा भाग मात्र तिथेही तसाच उपयोगी आहे.

टप्पा ७: रजेतून जे मिळतं ते सोडू नका

सुट्टीच्या दिवशी काम केल्याबद्दल कॉम्प ऑफची (बदली सुट्टीची) सोय मुळात अराजपत्रित कर्मचाऱ्यांसाठी आहे. राजपत्रित अधिकाऱ्याने ती हक्क म्हणून गृहीत धरू नये. विभागाचा स्वतंत्र आदेश असेल तरच मागावी.

पण मंजूर रजेवरून परत बोलावलं असेल तर? हा दावा अधिकारी जवळजवळ कधीच करत नाहीत. केंद्रीय नागरी सेवा (रजा) नियम, १९७२ च्या नियम २३ नुसार, भारतातल्या रजेवरून परत बोलावलं तर ज्या दिवशी तुम्ही मुख्यालयाकडे निघता त्या दिवसापासून कर्तव्यावर धरले जाता आणि प्रवासभत्ताही मिळतो. असं परत बोलावणं सगळ्याच बाबतींत सक्तीचं धरलं जातं. फोनवर "आलात तर बरं होईल" म्हटलं गेलं, तर निघण्याआधी मेसेजवर तरी विचारा: "मला रजेवरून परत बोलावलं आहे का? तसा आदेश पाठवावा." परतल्यावर उरलेली अर्जित रजा खात्यात दुरुस्त झाली का, ते पाहा.

अर्जित रजा दर १ जानेवारी आणि १ जुलैला प्रत्येकी १५ दिवस जमा होते. साठा ३०० दिवसांपर्यंत, आणि निवृत्तीच्या वेळी रोखीकरणाची मर्यादाही ३०० दिवसांचीच. ३०० च्या जवळ असाल तर "कामामुळे रजा घेता आली नाही" याचे पैसे कोणी देत नाही. ते दिवस बुडतात. डिसेंबर आणि जूनमध्ये आपलं रजाखातं बघण्याची सवय लावून घ्या.

टप्पा ८: देयक, कर आणि चुकून जादा मिळालेले पैसे

मंजुरी आदेश हाती आला की आहरण व संवितरण अधिकाऱ्याकडे (देयकं काढून पैसे देणाऱ्या अधिकाऱ्याकडे) देयकासोबत आदेशाची प्रत, कार्यभार अहवाल किंवा काम पूर्ण झाल्याचं प्रमाणपत्र, आणि हिशेबाचा तक्ता द्या. मानधन आणि अतिरिक्त वेतन दोन्ही करपात्र आहेत. करकपात झाली का, ते त्याच महिन्यात बघा.

चुकीच्या शीर्षाखाली पैसे निघाले तर "दिले ते दिले" असं समजू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या १८ डिसेंबर २०१४ च्या निकालानंतर, २ मार्च २०१६ च्या ज्ञापनाने काही स्थितींत वसुलीला मनाई केली. त्यातलं थेट संरक्षण गट 'क' आणि 'ड' ला आहे. निवृत्त झालेले किंवा वर्षभरात निवृत्त होणारे, आणि पाच वर्षांहून जुन्या काळापासून चालत आलेली चूक, यांचाही समावेश आहे. मधल्या सेवेतल्या गट 'अ' अधिकाऱ्याची अलीकडची जादा रक्कम मात्र वसूल होऊ शकते. "जादा आढळल्यास परत करीन" अशा हमीपत्रावर सही केली असेल तर बचाव आणखी दुबळा होतो. चूक लक्षात आली तर तुम्हीच आधी कळवा आणि हप्ते मागा.

टप्पा ९: नकार आला तर

आधी नकाराचं कारण लेखी मागा. मग एकच, नीट अभ्यास केलेलं अभिवेदन (दाद मागणारं लेखी निवेदन) द्या: कोणती तरतूद, ती कशी लागू होते, कोणते कागद. नकाराचं कारण "आदेशात पूर्ण कार्यभार लिहिलेलं नाही" असं असेल आणि प्रत्यक्षात तुम्ही पूर्ण काम केलं असेल, तर सह्यांचे फाइल क्रमांक इथे उपयोगी येतात. एकीकडे तुमच्याकडून त्या पदाचे सगळे निर्णय घेतले गेले आणि दुसरीकडे "फक्त चालू काम" म्हटलं जातं, हा विरोध कागदावर दाखवा.

त्यानंतर घड्याळ चालू होतं. प्रशासकीय न्यायाधिकरण कायदा, १९८५ नुसार कॅटमध्ये जाण्याआधी विभागीय उपाय संपवायचे असतात. अंतिम आदेश मिळाला तर तेव्हापासून एक वर्षात अर्ज करायचा. अभिवेदनाला उत्तरच आलं नाही तर सहा महिने थांबायचं, आणि ते संपल्यापासून एक वर्षाच्या आत जायचं. दर दोन महिन्यांनी स्मरणपत्र पाठवून मुदत वाढत नाही. वारंवार केलेल्या अभिवेदनांनी कालमर्यादा नव्याने सुरू होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलेलं आहे. महामंडळात असाल तर तुमची संस्था कॅटच्या कक्षेत अधिसूचित आहे का ते आधी पाहा. नसेल तर रस्ता उच्च न्यायालयाचा.

अभिवेदनाची पोच ज्या तारखेला घेतली ती तारीख अर्जाच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा. तिच्यापुढे सहा महिन्यांची आणि अठरा महिन्यांची तारीखही लिहून ठेवा.